न उघडलेल्या बाटलीचा वास

साहेब, परवाच्या शुक्रवारी तुमचं कपाट खोललं. माझ्याच हातांनी उभं केलेलं कपाट माझ्याच हातांनी खोललं. फळ्या अजून सरळ आहेत, एकही वाकलेली नाही. एवढं तुम्हाला आधी सांगतो, कारण तुम्ही तेच आधी विचारलं असतं.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. वहिनी नाशिकचं सगळं आटपून परत आल्यात. अल नस्रचा फ्लॅट कंपनीचा आणि त्यांचा व्हिसा तुमच्या व्हिसावर, म्हणून महिनाअखेरीला घर रिकामं करून चावी द्यायची आहे. आपल्या मंडळाच्या अंकात तुमच्यावर चौघे जण लिहितायत. प्लांटवरचे लोक तुमच्या कामाबद्दल लिहितील. गणपतीत तुम्ही हिशेब कसे चोख ठेवायचे ते कुणीतरी लिहील. वहिनी मला म्हणाल्या, "हनीफभाई, तुम्हीपण लिहा. ते सगळ्यांत जास्त भांडायचे ते तुमच्याशीच."

मी म्हटलं, वहिनी, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. मला तुमच्याविषयी लिहिता यायचं नाही. तुमच्याशी बोलता येईल, म्हणून बोलतोय. दुसरं कारण असं की माझ्याकडून तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. हॉस्पिटलमधल्या त्या रुमालाची. तुम्ही असेपर्यंत सांगायला जीभ रेटली नाही. आता सगळ्या कतारभर छापून सांगतोय. माझ्यासारखा घाबरट माणूस असंच करायचा.

आपली ओळख तुमच्या सिंकखालच्या दारामुळे झाली. मेंटेनन्सला मी आलो होतो. ओट्याखाली डोकं घालून बसलो होतो आणि घरून फोन आला. आमच्या बोलीत काहीतरी बोललो असेन. डोकं बाहेर काढलं तर तुम्ही समोर उभे.

"रत्नागिरी?"

"दापोलीकडचा, साहेब."

"आणि मी इतका वेळ तुझ्याशी हिंदीत बोलतोय! उठ, हात धू, चहा घे."

"साहेब, ड्युटीवर आहे."

"दार परत बिघडेल ना? मग त्याच्या बिघडण्याची वाट बघत बस, चहा घेता घेता."

चहा घेताना तुम्ही पलंगाखालून खोके काढलेत. अकरा बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. म्हणालात, मिस्त्री, यांना एक कपाट पाहिजे. मी दोन पावलं मागे सरकलो. तुम्ही ते बघितलंत. मी सांगून टाकलं, "साहेब, लाकूड माझं, बाटल्या तुमच्या. मी हात लावणार नाही." तुम्ही मान डोलावलीत, एवढंच. त्यानंतर सहा वर्षांत कपाटाचं काही काम निघालं की मी घरी यायच्या आधी तुम्ही बाटल्या बाजूला काढून ठेवायचात. एकदाही विसरला नाहीत. एकदाही त्यावरून चेष्टा केली नाहीत. तुम्ही जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींवरून माझी चेष्टा केलीत, म्हणून हे मला जास्त लक्षात राहिलं.

पण पहिलं कपाट मी चुकवलं. तीन सुट्टीचे शुक्रवार खपून केलं होतं. हॉटेलांच्या कामावर आम्ही बाटल्यांसाठी आडवे खण करतो, तिरक्या फळ्यांचे, चौकटीच्या नक्षीसारखे. तसेच खण इथेही केले. दिसायला झकास. कुणाला काही विचारलं नाही, कारण विचारलं तर आपल्याला येत नाही असं दिसेल ही माझी जुनी भीती. तुम्ही आलात, कपाटाकडे बघितलंत आणि तोंडावर हात ठेवून बसूनच राहिलात.

"मिस्त्री, काम सुंदर आहे. पण ही वाइन नाही रे, व्हिस्की. वाइनला झोपवतात. हिला झोपवली की ही बूच खाते."

"खाते म्हणजे?"

"स्पिरिट कडक असतं. बुचाला सतत लागून राहिलं की बूच कुजतं. हिला उभंच राहायचं असतं, वर्षानुवर्षं."

"मग बिचारीने बसायचं कधी?"

"ग्लासात!"

आतून वहिनी ओरडल्या, "तुम्ही दोघं त्या कपाटाला ऐकवताय का मला?" तुमचं हसणं थांबेना. मी ते खण मोडले आणि उभे केले. लाकूड वाया गेलं याचं मला आठवडाभर वाईट वाटत होतं. तुम्ही त्या तिरक्या फळ्या टाकू दिल्या नाहीत. वहिनींच्या चपलांचा स्टँड त्यांचाच आहे. वहिनी तो नाशिकला नेतायत.

मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. कारखाना एकाचा, म्हणायचात, आणि बाटली भरणारा दुसराच. हे लोक कारखान्यातून एखादंच पिंप विकत घेतात, वर्षानुवर्षं राखतात आणि दुसऱ्या कशात न मिसळता, रंग न घालता बाटल्यांत भरतात. वर स्वतःचं नाव लावतात. एका पिंपातून दोनशे-अडीचशे बाटल्या. त्या संपल्या की खलास, तसा माल पुन्हा नाही.

मी म्हटलं, "म्हणजे बाग बर्व्यांची, पण पेटीवर नाव दलालाचं."

तुम्ही ताडकन उठून बसलात. "परत बोल."

"एका झाडाचा आंबा एका पेटीत. शेजारच्या झाडाचा मिसळायचा नाही. असंच ना?"

"मी वीस वर्षं लोकांना हे समजावतोय, इंजिनिअर लोकांना, आणि यांना कळत नाही. तुला एका मिनिटात कळलं!" मग तुम्ही मला ती चमच्याची गोष्ट सांगितलीत. काही कारखानदारांना आपलं नाव दुसऱ्याच्या बाटलीवर नको असतं. म्हणून पिंप विकताना ते त्यात दुसऱ्या कारखान्याची चमचाभर टाकतात. तेवढ्याने चवीत काही फरक पडत नाही, पण मग कायद्याने नाव लावता येत नाही. मी म्हटलं, पेटीत रायवळचा एक आंबा टाकला, झाला देवगड बाद. तुम्ही वहिनींना हाका मारून मारून हे तीनदा ऐकवलंत. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला जोडीदार मिळाला एकदाचा, आता मला सोडा."

इंग्रजीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अल मन्सूराच्या खोलीतली पोरं अजून मला चिडवतात की हनीफला इंग्लिश दारूने शिकवलं, आणि तीही न पिता. खरंच आहे ते. बाटली तुमच्या हातात, बोट लेबलवर, आणि वाचणारा मी. दर शुक्रवारी एक ओळ. पिंपाचा नंबर, पिंप कसलं, किती वर्षं राखलं, रंग नैसर्गिक, गाळताना थंड केलेलं नाही. अक्षरं एवढी बारीक की तुम्ही चष्मा कपाळावर चढवायचात. अडलो की सांगायचा नाहीत. "घाई नाही. तेवीस वर्षं थांबलीय ती, तुझ्यासाठी आणखी पाच मिनिटं थांबेल."

त्या बारीक अक्षरांची सवय झाली म्हणून मी कंपनीचा तो कागद वाचू शकलो. नवीन कॉन्ट्रॅक्ट होतं, कॅम्पमध्ये रांगेत उभं करून सह्या घेत होते. माझ्या पुढच्या दहाही जणांनी केल्या. मी खालची ओळ वाचली. घरी जायच्या रजेला चोवीस महिने असायचे, तिथे छत्तीस लिहिले होते. पेन तसंच ठेवलं आणि सुपरवायझरला म्हटलं, हा आकडा बघा. तो म्हणाला, यल्ला, चल, सही कर, मागे लाइन आहे. मी म्हटलं, आकडा बघा. शेवटी आत जाऊन आला आणि म्हणाला टायपिंगची चूक आहे. आम्हा सगळ्यांचे कागद बदलले. त्याच रजेत घरी गेलो आणि आईबरोबर शेवटची ईद झाली. छत्तीस महिने थांबलो असतो तर कबरीवर गेलो असतो.

हे तुम्हाला येऊन सांगितलं. उठलात, कपाटातून एक बाटली काढलीत, लेबल माझ्याकडे केलंत आणि म्हणालात, "चल, पुढची ओळ." मी तेव्हा शुक्रन, थँक्यू, काही म्हणालो की नाही ते आठवत नाही. म्हटलं असेल तरी ते पुरेसं नव्हतं.

आता त्या एका बाटलीकडे येतो. अकरातल्या दहा तुम्ही उघडलेल्या होत्यात. बोटभर बोटभर घ्यायचात, महिनोन् महिने पुरवायचात. अकरावी मात्र सीलबंद. तिच्यावर कारखान्याचं नावच नव्हतं. मीच वाचली होती ती ओळ, नाव सांगता येत नाही अशा अर्थाची. वय आणि पिंपाचा नंबर, बाकी काही नाही. तुमचा अंदाज ठरलेला होता की हे शेरीचं पिंप, म्हणजे आधी गोड वाइन मुरलेलं, फलाण्या खोऱ्यातलं, मनुकांसारखं गोड निघणार. रंगावरून सांगायचात. उजेडात धरून धरून बघायचात. पण उघडायची नाही.

आपण अल रुवैसला गेलो होतो ते आठवतंय? तुम्हाला होड्या बघायच्या होत्या, मला मासळी घ्यायची होती. धक्क्यावर बसून वहिनींनी दिलेल्या पोळ्या खाल्ल्या. तिथे आपलं खरं भांडण झालं.

"साहेब, ती उघडत का नाही?"

"उघडली की संपली."

"न उघडता संपली तर?"

"बाटली कशी संपेल?"

"बाटलीचं नाही म्हणत."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "अरे, बंद आहे तोवर ती जगातली सर्वांत चांगली आहे. उघडल्यावर ती जी आहे तीच उरणार."

"आमच्या घरी एक बंद खोली होती, साहेब. लहानपणी वाटायचं आत काय काय असेल. उघडली तर घुशी."

"तू फार वाईट माणूस आहेस, मिस्त्री."

"घुशी गेल्यावर त्यात माझ्या बहिणीचं बाळंतपण झालं. खोली वापरायला असते."

तुम्ही पोळीचा तुकडा पाण्यात टाकलात, माशांसाठी. परतताना गाडीत एकदम म्हणालात, "रिटायर झालो की उघडू. तू समोर बस. पिऊ नकोस, पण बस." मी म्हटलं, इन्शाल्ला. ते भांडण तिथेच राहिलं. रिटायर व्हायला तुम्हाला तेव्हा दोन वर्षं होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आजाराचं नाव मी लिहीत नाही. तुम्हीही कधी घेतलं नाहीत, "ते प्रकरण" म्हणायचात. दुसऱ्या उपचारानंतर तुम्ही हॉस्पिटलमध्येच राहिलात. मी शिफ्ट सुटली की यायचो. तुमचे हात एवढे बारीक झाले होते की मनगटावरचा पट्टा कोपरापर्यंत सरकायचा. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. तेवढ्यात तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"मिस्त्री, एक काम आहे. मला ठाऊक आहे काय मागतोय. नाही म्हणालास तरी चालेल."

"बोला ना."

"ती उघड. एक रुमाल घे, त्यावर दोन थेंब टाक. बस्स. पिणार नाही, गिळताच येत नाही. फक्त वास. हिला सांगू नकोस, ही मोरीत ओतेल."

मी म्हटलं, "बघतो, साहेब."

तुम्हाला नाही म्हणवलं नाही आणि हो म्हणायची छाती नव्हती. तीन वेळा आलो, तीन वेळा तुम्ही भुवया उचलल्यात, तीन वेळा मी म्हणालो, बघतो. खोलीवर पडल्या पडल्या सगळं डोळ्यांसमोर यायचं. हॉस्पिटलच्या दारात कुणी हटकलं तर? खिशातून तो वास आला तर? माझं नाव हनीफ, माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, माझ्यावर घरची पाच तोंडं. दोन थेंबांसाठी विमानात बसवतील. आणि याहून आतली गोष्ट अशी की ज्याला सहा वर्षं हात लावला नाही त्याला आता लावायचा.

चौथ्या दिवशी कपाटाचं दार नीट करतो म्हणून वहिनींकडून चावी घेतली. तुमच्या घरी गेलो. कपाट उघडलं. ती वरच्या खणात एकटी उभी होती. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो, साहेब. हात इथपर्यंत गेला. पुढे गेला नाही. दार लावलं आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका बंगल्याच्या दारांचं काम चालू होतं. ओकचं लाकूड. तुम्हीच सांगितलं होतं, पिंपं ओकची असतात, निम्मी चव लाकडाची. रंधा मारताना पातळ पापुद्रे निघत होते, कांद्याच्या सालीएवढे. त्यातले स्वच्छ बघून मूठभर घेतले, धुतलेल्या रुमालात रात्रभर गुंडाळून ठेवले, मग झटकून टाकले. रुमालाला वास राहिला होता. लाकडाचा वास. दाराच्या चौकटीचा, दुसरा कसलाही नाही.

संध्याकाळी तो तुमच्या हातात दिला.

तुम्ही विचारलंत, "उघडली?"

मी म्हणालो, "उघडली."

तुम्ही रुमाल नाकाशी धरलात आणि डोळे मिटलेत. इतका वेळ की मला वाटलं आता पकडला गेलो. सगळ्या दोहात तुमच्यासारखं नाक नव्हतं. लोकांकडची चहापत्ती तुम्ही नुसत्या वासावरून ओळखायचात. आता डोळे उघडाल आणि म्हणाल, मिस्त्री, हे काय आणलंस.

तुम्ही म्हणालात, "मनुका."

मग म्हणालात, "काळ्या. बिया असलेल्या. आणि मागे जुनं कपाट, आजीचं वगैरे असतं तसं. शेवटाला जराशी सुपारी." डोळे उघडलेत. "म्हटलं होतं ना? शेरीचं पिंप! म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंत."

एवढ्यात वहिनी आल्या. तुम्ही त्यांनाच सांगून टाकलंत, "अगं, मिस्त्रीने ती उघडली! माझा अंदाज बरोबर निघाला." मला वाटलं आता वहिनी चिडतील. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं आणि तुमचं पांघरूण नीट केलं. तुम्ही तो रुमाल उशीखाली ठेवलात. मी जाताना म्हणालात, "तू बरोबर होतास. खोली वापरायला असते."

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

विमानतळावर सामानाच्या गोदामात तुम्हाला नाशिकला पाठवायची पेटी बघितली. साहेब, तिचं काम बरं नव्हतं. कोपरे सांधलेले नव्हते, नुसते स्टेपल मारले होते. एका बाजूला फळी अर्धा सूत वर आली होती. मी तिथल्या माणसाला म्हटलं, दोन मिनिटं द्या, मी ठोकून देतो. तो म्हणाला, कागद झाले आहेत, आता हात लावता येत नाही. वहिनी कागद घेऊन उभ्या होत्या. मी फळीवर अंगठा दाबून धरला, पेटी आत नेईपर्यंत. तुमच्यासाठी शेवटचं केलेलं सुतारकाम एवढंच.

मग परवाचा शुक्रवार. वहिनींनी फोन केला, कपाट खोलायला या. मी गेलो तेव्हा स्वयंपाकघरात दहा रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "दारूचं लायसन त्यांच्या नावाचं. न्यायची नाही, कुणाला द्यायची नाही. ओतल्या." त्यांचा आवाज कोरडा होता, पण एकेक बाटली धुऊन, पुसून, लेबल समोर करून ठेवली होती. तुम्ही ठेवायचात तशी.

मग त्या कपाटापाशी गेल्या आणि अकरावी बाहेर काढली. सील जसंच्या तसं.

"हनीफभाई," त्या म्हणाल्या, "ही तर तुम्ही उघडली होतीत ना?"

हातात पाना होता, तो जमिनीवर ठेवला. मग सगळं सांगितलं. बघतो म्हणालो ते, कपाटासमोर उभा राहिलो ते, ओकचं लाकूड, रुमाल. म्हटलं, वहिनी, मरणाच्या दारातल्या माणसाने मला एकच गोष्ट मागितली आणि मी त्याला दाराच्या चौकटीचा वास दिला. मला वाटलं त्या आता म्हणतील, निघा.

वहिनी पलंगावर बसल्या. बाटली मांडीवर.

"त्यांना वास येत नव्हता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दुसऱ्या उपचारानंतर गेलाच होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं. डेटॉल आणि कॉफीत फरक कळायचा नाही. साबण लावला की नाही तेही मला विचारायचे."

साहेब, मी तुमच्याशी खोटं बोललो. आणि तुम्ही?

मनुका कुठून आणल्यात? सुपारी कुठून आणलीत? वास येत नव्हता तर मागितलात कशाला? ते रुवैसचं भांडण मला जिंकू द्यायचं होतं का? की नुसतं कुणीतरी ती उघडायला हवी होती, आणि तुमच्या हातून ते होणार नव्हतं? मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? मला तर मनातलं ते कधी सांगायचेच नाहीत, तुम्हालाच सांगायचे." मग डोळे पुसले आणि बाटली पुढे केली. "पण आता ही उघडल्याशिवाय मी हे घर सोडणार नाही."

त्यांनी सील काढलं. बूच ओढलं तर अर्धं हातात आलं, अर्धं आतच राहिलं. तुटलेलं बूच काढायचं काम दुसऱ्या कुणाचं? मी लांब स्क्रू घेतला, बाटली गुडघ्यांत धरली, माझ्या दोन्ही हातांत, आणि हळूहळू फिरवत बूच वर ओढलं. अल्ला जाणतो. माझं मी त्याच्याशी बघून घेईन.

वहिनींनी आधी नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. "ईऽ, दवाखाना!" त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. महिना-दीड महिना त्यांनी तोच वास अंगावर वागवला होता.

मग मी वास घेतला.

तेव्हा ऐका, साहेब. खरा वास सांगतो, दोन थेंबांचा, जसा मागितला होतात तसा. तुम्हाला ठाऊक होतं, पण वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, की माझे वडील खाडीवर होड्या बांधायचे. फळ्यांच्या फटीत सूत ठासून वर तापवलेलं डांबर ओतायचे. तो वास. त्याखाली ओला दोर, खाऱ्या पाण्याचा. विझत आलेल्या चुलीवर पाणी पडल्यावर येतो तसला धूर. आणि अगदी शेवटी, बाटली दूर नेल्यावर, भाजलेल्या काजूचं टरफल. मी खालीच बसलो. दापोली सोडून सतरा वर्षं झाली, आणि वडिलांचा सदरा तिथे त्या बाटलीच्या तोंडाशी होता. एवढं सगळं त्या कपाटात, मीच केलेल्या खणात, सहा वर्षं उभं होतं आणि आपल्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

वहिनींनी ती मोरीत ओतली. हळूहळू, नळ न सोडता. घरभर वास झाला. आम्ही खिडक्या उघडल्या, मग मी फळ्या बांधल्या.

रुमालाचं खोटं तुम्हाला सांगून झालं. तुमचं खोटं मला कळलं. आता फक्त निकाल राहिलाय, तो ऐका. मनुका नाहीत. सुपारी नाही. शेरीचं पिंप तर नाहीच नाही. तुमचा अंदाज साफ चुकला, साहेब, दहा बाटल्या चाखलेल्या माणसाचा.

बोला ना आता काहीतरी. म्हणा, मिस्त्री, तुला काय कळतंय त्यातलं, तू तर पीतही नाहीस.